मुलगा घडवा, मत मागू नका

प्रश्न : मी सध्या लेकीकडे न्यू जर्सीला आले आहे. नातीला शाळेत अमेरिकेच्या इतिहासात ‘रिपब्लिकन मदरहुड’ म्हणून एक धडा आहे. देश स्वतंत्र झाल्यावर बायकांना मताचा अधिकार दिला नाही, पण ‘तुम्ही चांगले नागरिक घडवा’ म्हणून त्यांचा मोठा गौरव केला, असं त्यात लिहिलंय. नात विचारते, “आजी, हा मान होता की नुसती समजूत काढली?” मला काही धड सांगता येईना. ज्यांनी राजाला हाकललं, त्यांना बायकांना मत द्यायला काय हरकत होती? आणि आपल्याकडे महिला दिनाला फळ्यावर पाळण्याच्या दोरीचं वाक्य लिहितात, त्याचा याच्याशी काही संबंध आहे का?
— एक आजी, डोंबिवली (मुक्काम न्यू जर्सी)

उत्तर : या ‘रिपब्लिकन’चा तिथल्या आजच्या पक्षाशी काही संबंध नाही, हे नातीला आधीच सांगून टाका. तो पक्ष निघाला १८५४ साली. आपण बोलतोय ते त्याच्या साठ-सत्तर वर्षं आधीचं. त्या काळातल्या कुणा बाईने स्वतःला ‘रिपब्लिकन मदर’ म्हटलं, असंही नाही. हे नाव दिलं लिंडा कर्बर या इतिहासकार बाईंनी, १९७६ मध्ये. नाव उशिरा मिळालं, पण कल्पना अस्सल त्याच काळातली.

१७७६ साली राजा गेला आणि मागे एक पंचाईत ठेवून गेला. राजा असतो तेव्हा माणसं त्याच्या धाकाने किंवा त्याच्याकडून काही मिळेल या आशेने नीट वागतात. राजाच नसेल तर कशासाठी वागतील? त्या पिढीतल्या शिकलेल्या मंडळींनी फ्रेंच विचारवंत माँटेस्क्यू वाचलेला होता. त्याच्या १७४८ च्या ग्रंथात म्हटलंय की जुलमी सत्ता भीतीवर चालते, राजेशाही मानमरातबावर चालते आणि प्रजासत्ताक चालतं ते नागरिकांच्या सद्गुणावर. आपल्या फायद्याआधी सगळ्यांचं हित बघायचं, हा तो सद्गुण. रोमचं प्रजासत्ताक बुडालं ते लोक ऐषारामाला लागले म्हणून, अशी या मंडळींची खात्री होती. हा सद्गुण वारशाने येत नाही. दर पिढीत नव्याने रुजवावा लागतो. तो रुजवायचा कुणी? सरकारी शाळांचं जाळं तेव्हा नव्हतं. बाप शेतात, दुकानात नाहीतर लढाईत. घरात होती ती आई. तेव्हा काम तिच्यावर आलं, आणि कामाबरोबर गौरव आला.

एक घर जवळून बघू. ३१ मार्च १७७६. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रेन्ट्री गावात ॲबिगेल ॲडम्स नवऱ्याला पत्र लिहितेय. नवरा जॉन फिलाडेल्फियात, काँग्रेसच्या बैठकीला. घरी चार मुलं, शेत आणि महागाई. नव्या कायद्यात बायकांची आठवण ठेवा, असं तिने या पत्रात लिहिलं आणि ते आता जगभर पोस्टरांवर छापतात. त्यामुळे अनेकांना वाटतं की तिने मताचा अधिकार मागितला. तसं नाही. तिचं मागणं घरातलं होतं आणि माझ्या मते जास्त टोकदार होतं : नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका. त्याच पत्रात दुसरीकडे ती सोऱ्याबद्दल लिहिते. बंदुकीच्या दारूला सोरा लागतो, तो तू घरी करून पाहतेस का, असं जॉनने विचारलं होतं. तिचं उत्तर असं की अजून केला नाही, साबण करून झाला की बघते. घरच्यांचे कपडे करण्यातच सगळा वेळ जातो. क्रांतीचा दारूगोळा आणि घरचा साबण एकाच बाईच्या कामाच्या यादीत, आणि तीही साबणाला आधी नंबर देते!

जॉनने उत्तरात मागणी हसण्यावारी नेली. पण महिना-दीड महिन्याने, २६ मे रोजी, जेम्स सलिव्हन नावाच्या वकिलाला लिहिताना त्याचं हसू गेलेलं दिसतं. मतदानाची पात्रता एकदा सैल केली की याला अंत राहणार नाही, असं तो बजावतो. बायका मागतील, मिसरूड न फुटलेली पोरं मागतील, खिशात दमडी नसलेला माणूसही मागेल. म्हणजे बायकोला थट्टेत दिलेलं उत्तर त्याने पुरुषाला मात्र गंभीरपणे दिलं. प्रश्न त्याला नीट कळला होता.

‘काय हरकत होती’ या तुमच्या प्रश्नाचं उत्तरही या पत्रात आहे. त्या काळी मत मालमत्तेला होतं. ज्याच्याकडे स्वतःचं काही नाही तो दुसऱ्याच्या मर्जीवर जगतो, आणि त्याचं मत म्हणजे मालकाचंच मत, असा हिशेब. इंग्लंडकडून उचललेल्या कायद्यात लग्न झालं की बाईचं वेगळं अस्तित्व नवऱ्यात विरून जाई. तिची कमाई त्याची, तिचं सामानसुमान त्याचं. स्वतःच्या नावाने तिला करार करता येत नसे की खटला भरता येत नसे. अशा बाईला मत दिलं तर नवऱ्याला दोन मतं मिळाली, असं म्हणायला ही मंडळी मोकळी! राजा टाकला, पण राजाच्या देशातला हा कायदा जपून ठेवला.

ॲबिगेलने त्या कायद्यातूनही वाट काढली, हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जॉनला जमिनीचा सोस. तिला वाटे सरकारी रोख्यांत जास्त फायदा आहे, आणि मावशीच्या नवऱ्याच्या मध्यस्थीने तिने ते घेतलेही. या पैशाला ती आपला खासगी पैसा म्हणे. कायद्याने तो जॉनचा होता. १८१६ साली तिने मृत्युपत्र लिहिलं, जे नवरा हयात असताना लिहिण्याचा तिला अधिकारच नव्हता, आणि बहुतेक सगळं घरातल्या बायकामुलींना वाटून टाकलं. दोन वर्षांनी ती गेली. जॉनने ते मृत्युपत्र पाळलं.

त्या बायकांना राजकारण कळत नव्हतं असं कुणी म्हणालं, तर नातीला १७८० ची गोष्ट सांगायला सांगा. वॉशिंग्टनच्या सैनिकांचे फार हाल चालले होते. फिलाडेल्फियात एस्थर रीड हिच्या पुढाकाराने बायकांनी गावाचे भाग पाडून घेतले आणि दारोदार फिरून वर्गणी गोळा केली. चांगल्या घरच्या बायका पैसे मागत रस्त्याने हिंडतायत, हे तेव्हा अघटितच. कागदी चलनात तीन लाख डॉलरच्या वर रक्कम जमली. (त्या नोटांची किंमत तोवर पार घसरलेली होती, पण तरीही.) प्रत्येक सैनिकाच्या हातावर दोन रोख डॉलर ठेवायचे, असं एस्थरच्या मनात. वॉशिंग्टनने मोडता घातला. रोख मिळाली की शिपाई दारूत उडवतील, त्यापेक्षा सदरे शिवून द्या! तिने जरा हुज्जत घातली, मग मान्य केलं. सप्टेंबरात ती वारली. पुढचं काम बेंजामिन फ्रँकलिनची मुलगी सारा हिने तडीस नेलं. दोन हजारांहून जास्त सदरे तयार झाले आणि प्रत्येकावर तो शिवणाऱ्या बाईचं नाव होतं. पैसे उभे करणाऱ्या बायकांची शेवटी शिवणटिपणावर बोळवण झाली. पुढे त्यांना जे मिळालं त्याचाही साचा हाच होता.

आता येतो तो माणूस, ज्याने या आईची रीतसर नेमणूक केली. १७८७ चा उन्हाळा. फिलाडेल्फियात बंद दाराआड अमेरिकेची राज्यघटना लिहिली जात होती. त्याच गावात यंग लेडीज अकॅडमी नावाची मुलींची शाळा त्याच वर्षी निघाली, आणि २८ जुलैला तिथे डॉ. बेंजामिन रश यांचं भाषण झालं. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी ते एक. मुलींनी काय शिकावं, याची त्यांची यादी वाचण्यासारखी आहे. स्वच्छ अक्षर, इंग्रजी व्याकरण, भूगोल, इतिहास. हिशेब आणि जमाखर्च हवाच, कारण इथले नवरे धंद्यात अडकलेले असतात. घरची मालमत्ता बायकोने सांभाळायची, आणि तो आधी गेला तर व्यवहार तिलाच बघायचा. गाणं शिकावं, त्याने फुप्फुसं बळकट होतात (डॉक्टरच तो!). वाद्य मात्र नको, त्यात फार वेळ जातो आणि लग्नानंतर ते तसंच पडून राहतं. फ्रेंचचीही गरज नाही. आणि सगळ्यात वजनदार कारण असं की इथे प्रत्येक मुलगा देशाच्या कारभारात वाटेकरी होऊ शकतो, म्हणून त्याच्या आईला स्वातंत्र्य आणि राज्यकारभाराची तत्त्वं माहीत हवीत.

या यादीची आज थट्टा करणं सोपं आहे. पण त्या काळात ती मोठीच गोष्ट होती. ॲबिगेल ॲडम्ससारखी बाई एक दिवस शाळेत गेली नव्हती आणि आपल्या शुद्धलेखनाची तिला जन्मभर लाज वाटे. तिच्या नातींच्या पिढीला भूगोलाचं पुस्तक मिळालं. शिकलेल्या बाईचं डोकं फिरतं, तिला नवरा मिळत नाही, हे आक्षेप तिथेही होतेच, आणि त्यांच्यावर ‘मुलासाठी शिकवतोय’ हे एकच उत्तर चालत होतं. देणाऱ्यालाही पटेल आणि घेणारीलाही घेता येईल, असं.

म्हणून नातीच्या प्रश्नाला मी म्हणेन, मान खराच होता, पण अटीवर दिलेला. शिक्षण बाईला मिळालं, ते तिच्या नावावर मात्र चढलं नाही; मुलाच्या नावावर चढलं. घरात राहूनच तू देशाचं काम करतेस, असं म्हटलं की घराबाहेर येऊ देण्याचा प्रश्नच उरत नाही. काही इतिहासकार म्हणतात, त्या काळच्या मासिकांत आईपेक्षा पत्नीवरच जास्त लिहिलेलं आहे, नवऱ्याला सन्मार्गावर ठेवणारी वगैरे. असेल. अट तीच राहते.

ही अट शाळेत गेलेल्या मुलींच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. १७९३ साली रश यांच्याच त्या शाळेत प्रिसिला मेसन नावाच्या मुलीने समारंभात भाषण केलं. बायकांना शिकू न देणारे पुरुष, आणि धर्मपीठ, न्यायालय, सेनेट यांची दारं बंद करणारेही पुरुषच, असं ती समोर बसलेल्या पाहुण्यांना सुनावते. योग्य शिक्षणाने आम्ही आधी पात्र होऊ, मग ही दारं आमच्यासाठी उघडतीलच, असा तिचा सूर. जाता जाता ती बायकांच्या वेगळ्या सेनेटची सूचना करते, पोशाख आणि चालीरीती ठरवायला. ती गमतीने म्हणते की गंभीरपणे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. शाळेने हे भाषण छापलं, ही मात्र कौतुकाची गोष्ट. पुढे एमा विलर्ड यांनी १८१९ मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळापुढे मुलींच्या शिक्षणाची योजना मांडली, तीही आईच्याच मुद्द्याचा आधार घेऊन. १८२१ मध्ये ट्रॉय गावी त्यांची शाळा निघाली. त्या शाळेत शिकलेल्या एलिझाबेथ केडी स्टँटन यांनी १८४८ साली सेनेका फॉल्सच्या सभेत बायकांसाठी उघड मताचा अधिकार मागितला. मुलासाठी म्हणून नव्हे, स्वतःसाठी.

इथे एक गोष्ट धड्यात बहुधा अर्ध्या ओळीत उरकलेली असेल. हा आईचा महिमा सगळ्या आयांचा नव्हता. १६६२ च्या व्हर्जिनियातल्या कायद्याने मूल गुलाम की स्वतंत्र हे आईवरून ठरे. बाप कुणीही असो, आई गुलाम तर लेकरू गुलाम. गोऱ्या आईने नागरिक घडवायचे, काळ्या आईने मालकाची मालमत्ता वाढवायची. ओना जज ही जॉर्ज वॉशिंग्टनच्या घरातली गुलाम मुलगी, त्यांच्या पत्नी मार्थाबाईंची खास दासी, शिवणकामात तरबेज. मार्थाबाई आपल्याला नातीच्या लग्नाची भेट म्हणून देणार, हे तिला कळलं. २१ मे १७९६ ला, फिलाडेल्फियातल्या राष्ट्राध्यक्षांच्या घरी मंडळी जेवायला बसलेली असताना, ती दारातून बाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायरला पोचली. धनी लोकांनी तिच्यासाठी दहा डॉलरच्या इनामाची जाहिरात दिली. तिने लग्न केलं, तिला तीन मुलं झाली. आणि कायद्याने ती मुलंही, न्यू हॅम्पशायरमध्ये जन्मून, मार्थाबाईंच्या पहिल्या सासरच्या इस्टेटीत मोजली जाऊ शकत होती. रश यांच्या शाळेतल्या मुली भूगोल शिकत होत्या त्याच गावातून ओना पळाली. वाचायला ती पळून आल्यावर शिकली. वॉशिंग्टनच्या घरी कुणी काही शिकवलं नाही, असं तिने म्हातारपणी वर्तमानपत्रवाल्यांना सांगितलं.

आता तुमची पाळण्याची दोरी. ती कल्पनाही तिकडूनच आली : विल्यम रॉस वॉलेस या अमेरिकी कवीची १८६५ ची कविता. पण त्याहून जुना आणि भक्कम धागा नगरला सापडतो. सिंथिया फॅरार ही न्यू हॅम्पशायरची बाई, जन्म १७९५, म्हणजे वाढली ती याच वातावरणात. १८२७ साली ती अमेरिकन मराठी मिशनकडून मुंबईला आली, मुलींच्या शाळा चालवू लागली, पुढे नगरला गेली आणि १८६२ मध्ये तिथेच वारली. तिने लग्न केलं नाही. आईपणाच्या नावाने उघडलेली शाळा सातासमुद्रापार आणली ती अविवाहित बाईने! जोतीराव फुले मित्राबरोबर नगरला गेले होते तेव्हा फॅरारबाईंच्या शाळा पाहून प्रभावित झाले. सप्टेंबर १८५३ च्या ‘ज्ञानोदय’मध्ये त्यांचं म्हणणं आलं आहे : आईमुळे मुलात जी सुधारणा होते ती फार मोलाची, म्हणून देशाच्या सुखाची काळजी असलेल्यांनी स्त्रियांच्या स्थितीकडे लक्ष द्यावं. हा युक्तिवाद त्यांनी फॅरारबाईंकडून उचलला असं मी म्हणणार नाही. आईचा मुद्दा कुणालाही सुचू शकतो. शिवाय इथे प्रजासत्ताक नव्हतं, कंपनी सरकार होतं, मताचा तर प्रश्नच नव्हता. पण ‘मुलाच्या भल्यासाठी मुलीला शिकवा’ हे सनातनी पुण्यातही बोलता येण्याजोगं वाक्य होतं. जोतीराव पुढे त्यावर थांबले नाहीत, हे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त दिसतं, तिथे बाईचा हक्क बाईचा म्हणून येतो.

राहिली न्यू जर्सी, आणि नातीच्या निबंधाला खरा उपयोग इथेच होईल. या राज्याच्या १७७६ च्या घटनेत मतदाराची अट होती ती पन्नास पौंडांच्या मालमत्तेची आणि रहिवासाची; पुरुष असा शब्दच नव्हता. १७९० च्या कायद्यात तर मतदारासाठी ‘तो किंवा ती’ असं स्पष्ट लिहिलं, १७९७ मध्ये ते राज्यभर लागू केलं, आणि बायका मत देत होत्या. मालमत्ता असलेले मुक्त काळे लोकही. मॉन्टगोमेरी टाउनशिपच्या १८०१ च्या यादीसारख्या मतदारांच्या काही याद्या अलीकडे हाती आल्या आहेत आणि त्यांत बायकांची नावं आहेत. पण या बायका कोण? विधवा आणि अविवाहित. नवरा असलेल्या बाईच्या नावावर मालमत्ताच नसे, तेव्हा तिला तिथेही मत नव्हतं. म्हणजे भाषणांतून जिचा गौरव चालला होता ती नवऱ्याच्या घरातली आई मतपेटीपासून दूरच होती, आणि मत देत होती ती जिच्यावर कुणी भाषण केलं नाही अशी बाई.

१८०७ मध्ये हा हक्क गेला. त्या वर्षी एसेक्स काउंटीत न्यायालयाची इमारत कुठे बांधायची यावर मतदान झालं आणि त्यात अतोनात गैरप्रकार झाले. पुरुष बायकांचे कपडे घालून पुन्हा मत द्यायला आले, असेही आरोप होते. लबाडीत पुरुषही होते, हक्क गेला मात्र बायकांचा आणि काळ्यांचा. विधेयक आणणारे जॉन काँडिक्ट हे १७९७ च्या निवडणुकीत बायकांच्या मतांमुळे पडता पडता वाचलेले गृहस्थ. घटनेला हात न लावता साध्या कायद्याने काम झालं, आणि तिथल्या बायकांना मतासाठी पुन्हा १९२० सालापर्यंत थांबावं लागलं. नातीला त्या याद्या बघायच्या असतील तर फिलाडेल्फियाच्या म्युझियम ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशनने या विषयावर २०२० साली प्रदर्शन भरवलं होतं, त्याची माहिती शोधायला सांगा. तुम्ही असेपर्यंत जमलं तर फिलाडेल्फियाला एक चक्करच मारा. न्यू जर्सीतून फार लांब नाही.